नुरा की निकाली? फाईटवर झोप आणि पैसे घालवायच्या आधी काय बघायचं

आमच्या मित्रांमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी एकच वाद पेटतो. कुठेतरी मोठी फाईट होते, निकाल वेडावाकडा लागतो आणि मग कोणीतरी म्हणतंच, "सगळं फिक्स असतं रे भो, मी तर बघणंच सोडलं." हाच माणूस पुढच्या रविवारी सकाळी सहाला उठून सगळ्यांना फोन करतो ती गोष्ट वेगळी. यूएफसी म्हणजे अमेरिकेची एमएमएची (ठोसे, लाथा, पकड सगळं चालतं ती) फाईट कंपनी, तिचं मेन कार्ड, म्हणजे मोठ्या फाईट, अमेरिकेत शनिवारी रात्री असतं म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ, आणि नाशिकमध्ये रविवारची सकाळ म्हणजे मिसळ, त्यामुळे कोणाच्यातरी हॉलमध्ये पाव आणि रस्सा घेऊन आम्ही सहा-सात जण बसलेलो असतो आणि पहिल्या राउंडपासून भांडत असतो.

तर प्रोफेशनल फाईटवरचा विश्वास उडालाय का? थोडा उडालाय, आणि उडावा असंच काही काही झालंय. पण सगळंच नुरा (आधी ठरवून खेळलेली कुस्ती, तिच्या उलट निकाली, म्हणजे खरा निकाल लागेपर्यंतची) म्हणून टीव्ही बंद करणारा आणि सगळंच खरं मानून बोंबलणारा, दोघंही आळशी. बघायचं कसं ते शिकून घेतलं की कुठली फाईट पैशाची आहे आणि कुठली झोपेची ते आधीच कळतं. मला जेवढं कळतं तेवढं सांगतो. मी काही पैलवान नाही, पंचवटीतल्या एका तालमीत दोन वर्षं गेलो, मग दहावी आली आणि घरच्यांनी खुराक बंद केला, एवढीच माझी कारकीर्द.

पण त्या दोन वर्षांत वस्तादांनी एक गोष्ट डोक्यात घातली ती अजून निघाली नाही. कुस्ती बघायची तर आधी जोड बघ, असं ते म्हणायचे. जत्रेच्या मैदानात तुम्ही कधी गेला असाल तर जोड कशी लागते ते पाहिलं असेल, पैलवान हात वर करून फडाला चक्कर मारतो, समोरून दुसरा उतरतो, पंच दोघांना शेजारी शेजारी उभे करतात, आणि अख्खी पब्लिक बघत असते की कोण किती वजनाचा, कोणाची मान किती, कोणाचे कान तुटलेत. जोड हलकी-भारी वाटली तर लोक तिथल्या तिथे ओरडतात आणि पंचांना जोड मोडावी लागते. इनाम माईकवरून आधीच पुकारलेलं असतं. आणि नुसतं डोक्याला डोकं लावून एकमेकांची बोटं धरून दोघं वेळ काढायला लागले तर पंच एकदा ताकीद देतात, दोनदा देतात, मग कुस्ती सोडवून देतात, आणि काही गावात तर इनाम पण देत नाहीत. म्हणजे नुरा कुस्ती आपल्याकडे होतच नाही असं नाही, होते म्हणून तर शब्द आहे, आणि तो शब्द आपण राजकारण्यांच्या भांडणाला पण लावतो इतका तो ओळखीचा आहे. फक्त फडावर ती पकडायची सोय आहे. सगळं डोळ्यासमोर चालतं.

प्रोफेशनल फाईटमध्ये हाच भाग बंद दाराआड होतो. जोड प्रमोटर लावतो, इनाम कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं, आणि आपल्याला थेट पोस्टर दिसतं. त्यामुळे पहिलं काम हे की पोस्टर बघून जोड स्वतः लावून बघायची, म्हणजे हे दोघं जत्रेच्या फडात शेजारी उभे राहिले असते तर लोक ओरडले असते का?

आता यूट्यूबर-बॉक्सर जेक पॉल आणि जुना हेवीवेट चॅम्पियन माईक टायसनचंच घ्या. १५ नोव्हेंबर २०२४, टेक्सास, आपल्याकडे शनिवारची सकाळ. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७ चा. राउंड आठ, तेही तीनऐवजी दोन मिनिटांचे, ग्लोव्हज १४ औंसचे, म्हणजे हेवीवेटला नेहमी १० औंसचे असतात त्यापेक्षा जाड गादी. हे सगळं फाईटच्या कितीतरी आधी जाहीर होतं! कोणी काही लपवलं नव्हतं. तरी नंतर लोक म्हणे आमची फसवणूक झाली, टायसन हललाच नाही. अरे बाबा ५८ वर्षांचा माणूस किती हलणार? आमच्या हॉलमध्ये तर निम्मा वेळ स्क्रीनवर गोलच फिरत होता, नेटफ्लिक्स अडकलं होतं, आणि ते सुरू होईपर्यंत रस्सा गार. पॉल पॉइंटवर जिंकला. नेटफ्लिक्सने मग सांगितलं की ६ कोटी घरांत बघितली गेली, तेव्हा फॅन कमी होतायत वगैरे जे म्हणतात त्यांनी हा आकडा पण बघावा. फॅन आहेत, ते काय बघायला येतात ते बदललंय. गंमत म्हणजे त्याच कार्डावर आपला हरियाणाचा नीरज गोयत होता, त्याने ब्राझीलच्या एका कॉमेडियन-यूट्यूबरला सहा राउंड खेळून हरवलं. आता ही जोड फडात लागली असती का तुम्हीच सांगा, पण मुलगा जिंकला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

त्याच्या आधी २०१७ मध्ये बॉक्सर मेवेदर आणि एमएमएवाला मॅकग्रेगर. एकाचं रेकॉर्ड ४९-०, म्हणजे ४९ जिंकल्या आणि एकही हरला नाही, दुसऱ्याची प्रोफेशनल बॉक्सिंगमधली पहिलीच फाईट. दहाव्या राउंडला संपलं. ती फिक्स नव्हती असं माझं मत, पण जोड नव्हती, आणि या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात तिथेच गोंधळ होतो.

जोड तपासायला फार काही लागत नाही. दोघांचं वय, शेवटची फाईट कधी झाली, आणि वजनाचा वर्ग कोणाच्या सोयीचा आहे ते बघा. मग रेकॉर्ड उघडा, बॉक्सिंगसाठी बॉक्सरेक नावाची साइट आहे तिच्यावर बहुतेक सगळं मिळतं. नुसतं १८-० बघून हुरळून जाऊ नका, ते १८ कोण होते ते बघा. त्यातले निम्मे जण २० पैकी १५ हरलेले असतील तर तो रेकॉर्ड बळीच्या बकऱ्यांवर वाढवलाय, आणि बॉक्सिंगमध्ये हा धंदा फार जुना आहे, काही बॉक्सर तर हरायलाच वीकेंडला गावोगाव जातात, त्यांचं पोट त्यावर चालतं. शेवटी हे बघा की दोघांपैकी प्रमोटरच्या घरचा पोरगा कोण. पुढच्या मोठ्या फाईटची चर्चा ज्याच्या नावाने आधीच चालू असते तो. फाईट शेवटपर्यंत जाऊन पॉइंटवर आली तर अटीतटीचे राउंड कोणाच्या पारड्यात पडतील याचा अंदाज इथेच बांधून ठेवा.

पट्ट्याकडे, म्हणजे चॅम्पियनच्या किताबाकडे, मात्र फार लक्ष देऊ नका. बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्था, प्रत्येकीचा पट्टा वेगळा, वजनाचे वर्ग १७-१८, आणि त्यात डब्ल्यूबीएचे तर सुपर आणि रेग्युलर असे एकाच वजनात दोन दोन चॅम्पियन असू शकतात. हसू नका. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले होते, फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अवघ्या काही सेकंदांत चितपट केलं आणि गदा घेतली, आणि दहा-बारा दिवसांनी धाराशिवला त्याच शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. संघटना दोन म्हणून गदा दोन. हर्षवर्धन आपल्या नाशिक जिल्ह्याकडून खेळायचा, २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला त्याने जिंकली होती आणि जिंकल्यावर हरलेल्या शैलेश शेळकेला, जो त्याचाच तालमीतला दोस्त, खांद्यावर उचलून घेतलं होतं. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. तर बॉक्सिंगमध्ये चारही पट्टे एकावर येतात ती फाईट सोडू नका, म्हणजे मे २०२४ मध्ये रियाधला उसिक आणि फ्युरी या हेवीवेटची झाली तशी. जोड खरी, दोघंही तोवर एकदाही न हरलेले, आणि निकाल दोन विरुद्ध एक लागला तरी फारसं कोणी फिक्स म्हणून ओरडलं नाही. रियाधच्या फाईटला पहाटे तीन-चारपर्यंत जागावं लागतं पण रविवारी दिवसभर डुलक्या घेतल्या तरी चालेल.

आता फाईट सुरू झाल्यावरचं. रिमोट घ्या आणि आवाज बंद करा. मी थट्टा करत नाही, कॉमेंटेटर ज्याचं नाव जास्त घेतो तो आपल्याला जिंकताना दिसतो, आणि पब्लिकच्या आरडाओरड्याने ग्लोव्हवर अडवलेला ठोसा पण लागल्यासारखा वाटतो. एक वही घ्या नाहीतर वाण्याच्या बिलाची मागची बाजू घ्या. प्रत्येक राउंड ज्याने जिंकला त्याला १०, दुसऱ्याला ९. खाली पाडलं तर बहुतेक वेळा १०-८. राउंड संपला की लगेच लिहायचं, पुढच्या राउंडनंतर मागचं बदलायचं नाही, ही अट पाळणं फार अवघड जातं पण तीच मेख आहे, कारण शेवटचा राउंड गाजवणारा अख्खी फाईट जिंकल्यासारखा वाटतो आणि पंचांच्या कागदावर तो फक्त एक राउंड असतो. बॉक्सिंगमध्ये साफ लागलेला ठोसा बघायचा, पुढे पुढे जाणारा नाही, पुढे जाऊन मार खाणारा मूर्खच की. एमएमएमध्ये आधी हे की कोणाच्या माराने किंवा पकडीने खरं नुकसान झालं, त्यात बरोबरी वाटली तरच कोण आक्रमक होता, आणि त्यातही बरोबरी असेल तरच पिंजऱ्यावर ताबा कोणाचा. आपण कुस्तीवाले इथे नेहमी चुकतो, एकाने दुसऱ्याला खाली घेतलं की आपण लगेच राउंड देऊन टाकतो, पण वर बसून नुसतं धरून ठेवलं आणि खालच्याने कोपराने कपाळ फोडलं तर राउंड खालच्याचा होऊ शकतो.

मग पंचांची स्कोअरकार्डं येतात ती आपल्या वहीशी लावून बघा. जुळलं नाही तर लगेच शिव्या नकोत. किती राउंडचा फरक आहे ते मोजा. एक-दोन राउंडचा फरक असला तर तीन पंच तीन बाजूला बसतात, त्यांना कोणाची तरी पाठच दिसत असते, तेवढं चालतं. पण सप्टेंबर २०१७ च्या कॅनेलो आणि गोलोव्हकिनच्या फाईटला एका पंचाने गोलोव्हकिनला ११५-११३ दिलं, दुसऱ्याने ११४-११४, आणि तिसऱ्या बाईंनी कॅनेलोला ११८-११०. बारा राउंडमध्ये ११८-११० म्हणजे दहा राउंड एकाला आणि दोन दुसऱ्याला! त्या कार्डामुळे फाईट बरोबरीत सुटली. असलं कार्ड दिसलं की समजायचं इथे काहीतरी सडलंय. पंच विकला गेला होता का नालायक होता ते घरी बसून कळत नाही, आणि कळल्याचा आव आणू नये.

विकलेलं असतं तेव्हा ते बाहेर यायला वर्षं लागतात. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला अमेरिकेच्या रॉय जोन्सने कोरियन बॉक्सरला ८६ ठोसे मारले, ३२ खाल्ले, आणि ३-२ ने हरला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला असेच निकाल लागले, आयर्लंडच्या कॉन्लनने तर पंचांना कॅमेऱ्यासमोर बोट दाखवलं, काही जण म्हणाले हरला म्हणून चिडलाय, आणि २०२१ मध्ये चौकशीचा रिपोर्ट आला की रिओत खरंच बाउट फिरवायची यंत्रणा होती. २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीने आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेची मान्यताच काढून घेतली. आणि हे सगळं ऑलिम्पिकमधलं बरं का, त्यामुळे प्रोफेशनल तेवढं घाण आणि अॅमॅच्युअर स्वच्छ असं जे आमच्यातले जुने लोक म्हणतात ते काही खरं नाही.

फाईट विकायची दुसरी वाट सट्ट्याची. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएफसीच्या एका छोट्याशा फाईटच्या काही तास आधी भाव एकदम एका बाजूला पळाले, एक फायटर पहिल्याच राउंडला आटोपला, आणि मग समोर आलं की तो आधीपासून जखमी होता. त्याच्या कोचला सस्पेंड केलं गेलं. म्हणून मेन इव्हेंटपेक्षा खालच्या, कोणी न बघणाऱ्या फाईटवर जास्त संशय ठेवा. मेन इव्हेंट फिरवायला फार पैसा लागतो, खालच्याला थोडक्यात भागतं. आणि स्वतः पैसे लावू नका. एक तर आपल्याकडे ते बेकायदा आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवरही कायदा आला, आणि दुसरं म्हणजे पैसे लावले की तुमची वही गेली कामातून, तुम्हाला तुमचाच माणूस जिंकताना दिसणार.

पंचाबद्दल अजून एक. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीला सिकंदर आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले त्यावरून महाराष्ट्रभर राडा झाला, चहाच्या टपरीवर प्रत्येक जण आंतरराष्ट्रीय पंच झाला होता. मग फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला शिवराज चितपट असा निकाल दिल्यावर त्याने पंचाला लाथ मारली, महेंद्र फायनल अर्धी सोडून गेला, दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी आली. दोन्ही वेळा मी व्हिडिओ किती वेळा पाहिला ते बायकोला विचारा. असा व्हिडिओ बघताना एवढंच करा, एकाच बाजूचा स्लो मोशन पुन्हा पुन्हा बघू नका, दुसऱ्या बाजूचा शोधा, दोन्ही खांदे खरंच टेकले का ते एका कॅमेऱ्यातून सांगता येत नाही. आणि एकदा तरी पूर्ण वेगात बघा, पंचाने तसंच बघितलं होतं. लाथ मात्र कुठल्याच अँगलने बरोबर दिसत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईचं काय असं पोरं विचारतात. आमच्या पिढीने ट्रंप कार्ड खेळत अंडरटेकर सात वेळा मेलाय हे छातीठोकपणे सांगितलंय, तेव्हा मी कोणाला हसत नाही. पण त्या कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सरकारपुढे कबूल केलं होतं की हे मनोरंजन आहे, खेळ नाही, आमच्यावर खेळाचे नियम लावू नका. म्हणजे तिथे फसवणूक नाहीच, तमाशाच्या फडात जाऊन वग खोटा आहे म्हणून कोण भांडतं? आता तीच डब्ल्यूडब्ल्यूई आणि यूएफसी २०२३ पासून एकाच मालकाच्या कंपनीत आहेत, आणि यूएफसीने २०२५ मध्ये सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा टीव्हीचा करार केला. त्याच सुमारास यूएफसीने स्वतःच्याच जुन्या फायटरांनी मानधन दाबलं म्हणून केलेला दावा ३७.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. मला खटकतं ते हे. फायटरला पुरेसं मिळत नसेल तर खालच्या कार्डावरच्या पोराला भाव फिरवणाऱ्याचा फोन आला तर तो ठेवून देईल याची खात्री कशी धरायची.

आता स्थानिक कार्यक्रमांचं, कारण नाशिकमध्येही हल्ली बॉक्सिंग-एमएमएच्या जिम झाल्यात आणि अधूनमधून फाईट नाईट भरवतात. मी एकदा गावाबाहेरच्या एका लॉन्सवर ५०० रुपये देऊन गेलो होतो. पोस्टरवर जो बॉक्सर होता तो आलाच नाही, कारण कोणी सांगितलं नाही, त्याच्याऐवजी आयोजकांच्या जिममधलाच एक मुलगा उतरवला आणि समोर जो आला त्याला बिचाऱ्याला गार्ड पण धरता येत नव्हता. दुसऱ्या राउंडला तो पडला, आणि डॉक्टर कुठे म्हणून शोधाशोध. रिफ्रीच त्याच्या तोंडावर पाणी मारत होता. वर डीजे चालूच. त्या रात्री ५०० रुपयांपेक्षा त्या पोराचं वाईट वाटलं.

तेव्हापासून तिकीट काढायच्या आधी मी फोन करून विचारतो. बाउटची यादी आधी मिळेल का, वजन कधी आणि कुठे करणार आणि ते बघायला येता येईल का, रिफ्री आयोजकांच्या जिमचा आहे की बाहेरचा, डॉक्टर आणि अॅम्ब्युलन्स फाईट संपेपर्यंत थांबणार का. चांगला आयोजक ही उत्तरं धडाधड देतो, त्याला उलट आनंद होतो कोणी विचारलं म्हणून. जो म्हणतो "या हो, मजा येईल, सेलिब्रिटी पण आहेत" त्याच्याकडे जाऊ नका. आणि तुमचं पोरगं खेळणार असेल तर अॅम्ब्युलन्सचं उत्तर मिळाल्याशिवाय फॉर्मवर सही करू नका, मग कोच कितीही नाराज होवो.

डोळा तयार व्हायला मात्र जत्रेच्या मैदानासारखं काही नाही. चैत्रापासून अक्षयतृतीयेपर्यंत नाशिकच्या आसपासच्या गावांच्या जत्रा असतात, कुठल्या दिवशी कुठे ते तालमीत विचारलं की कळतं. मोठ्या कुस्त्या संध्याकाळी लागतात पण तुम्ही तीनलाच जा, ऊन पाठीवर येईल अशी बाजू धरा, हलगीवाल्यापासून थोडं लांब नाहीतर दोन दिवस कान वाजतात. सुरुवातीला चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्या असतात, नारळावर, रेवड्यांवर, दहा-वीस रुपयांवर. त्या नीट बघा, त्या पोरांना अजून वेळ काढता येत नाही, भिडतात आणि पडतात, आणि एकदा ते डोळ्यात बसलं की संध्याकाळी मानाच्या कुस्तीला दोन नामांकित पैलवान बोटं धरून उभे राहिले की दुसऱ्याच मिनिटाला तुमच्या तोंडून निघतं, "ए, सोडवा रे!" खिशात दहाच्या नोटा ठेवा, जिंकलेलं पोरगं मातीने माखलेला हात पुढे करत फडाला चक्कर मारतं तेव्हा सुटे नसतात कोणाकडे.